गाळलेलं दीड पान

टकळीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं होतं. घरात, जिन्यात, बसमध्ये, वर्गातसुद्धा सगळे तिला टकळीच म्हणत. कारण सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाची टकळी जी सुरू होई, ती उशीवर डोकं टेकल्यावरही जरा वेळ फिरतच राही. "आमच्याकडे आवाजाची वाटणी जरा चुकली," आई पाहुण्यांना सांगायची. "दोघांचा वाटा एकीलाच गेला." मग हसावं की नाही या पेचात पाहुणे दादाकडे बघायचे, आणि दादा त्यांच्या आधीच हसत असायचा. तेवढ्यात टकळीने त्याला हातांनी तो विनोद सांगून टाकलेला असायचा.

दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, काचेच्या कारखान्यात कारागीर. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून तो खुणांची अख्खी भाषा शिकून आला होता, व्याकरणासकट आणि शिव्यांसकट. घरात मात्र ती भाषा पुरती कोणालाच येत नव्हती. बाबांना तीन खुणा यायच्या: जेव, झोप आणि शाब्बास. तिन्ही ते एकाच हाताने आणि एकाच उत्साहाने करायचे, त्यामुळे दादाला कधीकधी भरपेट जेवल्यावर पुन्हा जेवायला बोलावलं जायचं. आईला कामापुरतं यायचं. उरली टकळी. पाळण्यात असल्यापासून ती दादाच्या हातांकडे बघत मोठी झालेली. दवाखाना असो, बँक असो, नाहीतर जिन्यातलं भांडण असो, दादाचं तोंडही टकळी आणि कानही टकळीच.

(या गोष्टीत दादा काही 'म्हणाला' असं जिथे येईल, तिथे तो हातांनी म्हणाला असं समजावं. दर वेळी सांगत बसलं तर गोष्ट कधी संपायची?)

तर सोमवारी टकळीला वाचनालयाचं पत्र आलं. अठरा वर्षांखालच्या लेखकांसाठी वाचनालयाने कथा मागवल्या होत्या. दोनशेच्या वर आल्या, पाच निवडल्या, त्यातली एक टकळीची. 'माझ्या भावाचे हात'. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या मोठ्या दालनात लेखकांनी आपापली कथा लोकांसमोर वाचायची होती, आणि पाचही कथांची एक छोटी पुस्तिका येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायची होती. पत्र वाचून टकळीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने ते आईला वाचून दाखवलं, बाबांना वाचून दाखवलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी तोंडात टूथब्रश तसाच धरून सगळं ऐकून घेतलं. मग ती धावत सुटली ती थेट कारखान्यात.

दादा लांब टेबलावर वाकून काच कापत होता. टेबलावर जाड लोकरी कापड, त्यावर पाण्याच्या थरासारखी काच, काचेवर लाकडी पट्टी. पट्टीला लावून तो कटर एकदाच ओढायचा. एकदाच. तीच रेष दुसऱ्यांदा ओढली तर काच वेडीवाकडी फुटते, हे टकळीलासुद्धा पाठ होतं. बाकीचे कारागीर आवाजावरून ओळखत की रेष बरोबर बसली. दादाला ते बोटाच्या टोकाशी कळायचं. टकळी मुकाट उभी राहिली. काम चालू असताना दादाशी बोलता येत नसे. त्याचं बोलणं आणि त्याचं काम, दोन्ही त्याच दोन हातांचं.

काच दुभंगली. दादाने कटर खाली ठेवलं आणि भुवई उडवली. "काय झालं? पळत आलीस ती?"

टकळीने सांगितलं. दादाने तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं, मग म्हणाला, "माझ्यावर? काय लिहिलंस? सांग!"

दादाला वाचता यायचं. मापं, चिठ्ठ्या, फोनवरचे निरोप, सगळं. पण सलग पानंच्या पानं वाचायची म्हणजे त्याला परक्या भाषेत पोहल्यासारखं व्हायचं. दोन ओळींत दम लागायचा. म्हणून टकळीने स्टुलावर बसून त्याला कथा हातांनी सांगायला घेतली. लहानपणी दादा तिला अंधारात गोष्टी सांगायचा, तिच्या तळहातावर बोटांनी, ते सांगितलं. बाबांच्या तीन खुणा सांगितल्या, तेव्हा दादा इतका हसला की शेजारचा कारागीर वळून बघायला लागला. असं करत ती चौथ्या पानावर आली आणि तिचे हात थांबले.

"मग?" दादा म्हणाला.

चौथ्या पानावर बसथांबा होता.

टकळी तेव्हा अकरा वर्षांची. नव्या मोठ्या शाळेत पहिलं वर्ष, दोन नव्या मैत्रिणी, दोघींचे बूट कधीच न मळणारे. शाळा सुटल्यावर तिघी थांब्यावर उभ्या होत्या, आणि पलीकडच्या पदपथावरून दादा पळत आला. दोन्ही हात वर, हातवारे करत, आणि आनंद झाला की त्याच्या गळ्यातून जो आवाज निघतो तो काढत. तो आवाज कसा आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. थांब्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. एक मैत्रीण म्हणाली, "ए, तो तुलाच बोलावतोय का? कोण आहे तो?"

टकळी म्हणाली, "काय माहीत. वेडा असेल कोणीतरी."

तेवढ्यात बस आली आणि ती चढली. खिडकीतून तिला दादा दिसला, हात अजून वरच. कथेत पुढे तिने लिहिलं होतं: 'मला घरी न्यायला आलेला माझा भाऊ तिथे हसतच उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं.'

हे तिने पाच वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि वाचनालयाच्या पत्रात नेमकं लिहिलं होतं, 'विशेषतः बसथांब्याचा प्रसंग आम्हाला फार भिडला.'

"मग?" दादाने पुन्हा विचारलं.

"मग मी मोठी झाले," टकळीचे हात म्हणाले, आणि दीड पान ओलांडून ती शेवटावर गेली. शेवट छान होता. दादाचे डोळे ओलावले. त्याने लगेच मालकांना बोलावून कथा सांगितली, मध्ये टकळी दुभाषी. मालकांनी पत्रासोबत आलेलं कार्यक्रमाचं पत्रक तिथल्या तिथे दर्शनी काचेवर चिकटवलं. "शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घे," ते म्हणाले. "बहीण लेखिका झाली म्हणजे काय साधी गोष्ट आहे? आमची बहीण फक्त भांडते."

येताना टकळीने मनाची समजूत घातली. दादा शनिवारी येईल, समोर बसेल, तिला बघेल, टाळ्या वाजवेल. ऐकू थोडंच येणार आहे त्याला? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. पण तिने तो हाकलूनही लावला नाही.

बुधवारी शाळेतून येताना वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांनी तिला आत बोलावलं. चष्मा कपाळावर, चेहरा वाढदिवसाला आणलेली वस्तू पाठीमागे लपवणाऱ्या माणसाचा.

"तुझा भाऊ येणार ना? त्याच्यासाठी पहिल्या रांगेत, मधोमध खुर्ची ठेवलीय. वर चिठ्ठीपण लावणार आहे, 'लेखिकेचे बंधू'. आणि हे बघ," त्यांनी बाजूच्या बाईंकडे हात केला, "या खुणांच्या भाषेच्या दुभाषी. तुझ्या शेजारी मंचावर उभ्या राहणार. तू वाचशील तो शब्द न् शब्द तुझ्या भावाला कळणार! आता बोल!"

आता बोल म्हणे. टकळीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुभाषी बाई काळा सदरा घातलेल्या, शांत. त्यांनी कथेची प्रत मागितली, कारण मजकूर आधी हातात असला तर खुणा नेमक्या बसवता येतात. उभ्या उभ्याच त्यांनी ती वाचून काढली. चौथ्या पानावर त्या रेंगाळल्या.

"भावाला माहीत आहे?"

"सांगितलीय ना कथा. सोमवारीच."

"सगळी?"

टकळीने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. बाईंनी प्रत मिटली.

"ताई, तेवढं दीड पान तुम्ही..." टकळी पुटपुटली, "म्हणजे तिथे जरा थोडक्यात..."

"नाही गं बाई," दुभाषी म्हणाल्या. आवाज मऊ होता पण त्यात शिरायला दार नव्हतं. "आमच्या कामाचा पहिला नियमच तो. जे बोललं जातं ते सगळं सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही. तू वाचलंस तर मी सांगणार. तू नाही वाचलंस तर माझ्याकडे सांगायला काही नाही. काय वाचायचं ते तू ठरव."

घरी आल्यावर टकळीने आईला एका कोपऱ्यात गाठून सगळं ओकून टाकलं, अगदी 'वेडा' या शब्दासकट. आई टपाल कार्यालयात पत्रं वेगळी करायच्या कामावर होती. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. ती खुर्चीत बसली.

"असं म्हणालीस तू?"

"हो."

"आणि ते छापूनही दिलंस."

"खरं होतं म्हणून."

आईने कपाळ चोळलं. "मग आता एक कर. शनिवारी ते वाचू नकोस. लोकांना घरी जाऊन पुस्तिकेत वाचू दे. दादाला नंतर सांग. निवांत."

नंतर सांग. टकळीच्या डोक्यात हे दोन शब्द काचेसारखे वाजले. या घरात दादाला आजवर किती गोष्टी नंतर सांगितल्या गेल्या होत्या! जेवताना सगळे खो खो हसायचे, दादा विचारायचा "काय झालं?", आणि कोणीतरी म्हणायचं, "नंतर सांगते." बाबांची बदली टळली तेव्हा नंतर. आजोबा गेले तेव्हाही त्याला दोन तासांनी कळलं, कारण फोनवर रडणाऱ्या आईला टकळीशिवाय दुसरं कोणी दुभाषी नव्हतं आणि टकळी शाळेत होती. आणि नंतर म्हणजे केव्हा? बहुतेक वेळा तो केव्हा यायचाच नाही. आलाच तर दहा वाक्यांचं एक वाक्य होऊन यायचा. टकळीनेच किती वेळा केलं होतं! दहाचं एक करण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

"नंतर नाही, आई," ती म्हणाली. "शनिवारी तिथे कळण्यापेक्षा, आणि कधीच न कळण्यापेक्षा... मीच सांगते. उद्या."

आईने नुसती मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती कारखान्यात गेली. डबे खाऊन झाले होते. दादा हात धूत होता. तिने कथेची पानं टेबलावरच्या लोकरी कापडावर मांडली आणि म्हणाली, "सोमवारी मी तुला सगळी नाही सांगितली. दीड पान गाळलं."

दादाने हात पुसले. स्टूल ओढलं. "सांग."

तिने सांगितलं. कथेतल्या पुष्कळ शब्दांना तिच्याकडे खुणाच नव्हत्या. 'संकोच' कसा सांगायचा ते तिला माहीत नव्हतं. ती अडखळली, दादाने खूण दाखवली, तिने ती वापरली. मैत्रिणींचे बूट सांगितले, हात वर करून आलेला दादा सांगितला, मैत्रिणीचा प्रश्न सांगितला. मग स्वतःचं उत्तर. ती खूण करताना तिला आपला हात दुसऱ्याचा असल्यासारखा वाटला. शेवटी, "माझा भाऊ हसत उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं."

"चूक," दादा म्हणाला.

"काय?"

"कळलं होतं. तो शब्द मला रस्त्यापलीकडून वाचता येतो. दुसरे शब्द नाही येत ओठांवरून. तो येतो. लहानपणापासून सगळ्यात जास्त वेळा तोच बघितलाय."

टकळीचे डोळे भरून आले. दादाने टेबलावर थाप मारली, इकडे बघ म्हणून. कारण डोळे पुसणाऱ्या माणसाशी त्याला बोलता येत नाही.

"तेव्हाचं जाऊ दे. तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. सोमवारी तू सोळा वर्षांची होतीस."

तिची नजर खाली गेली. त्याने पुन्हा टेबलावर थाप मारली.

"सोमवारी तू माझ्यासमोर बसलीस. मी 'मग' विचारलं. दोनदा. तू मला खोटं सांगितलंस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, माझ्या बहिणीने माझ्यावर गोष्ट लिहिलीय, अशी अशी आहे. मालकांना सांगितलं. ती गोष्ट ती नव्हतीच. सगळ्या गावाला पूर्ण, मला तेवढी अर्धी."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"सगळे हेच म्हणतात."

"मी वाचणार नाही ते. शनिवारी गाळते. मंचावर दुभाषी असणार आहेत, आणि तुझ्यासाठी पहिल्या रांगेत 'लेखिकेचे बंधू' अशी चिठ्ठी लावून खुर्ची ठेवलीय."

"पुन्हा गाळणार?" दादा म्हणाला. मग जरा थांबून, "आणि ती खुर्ची. पहिल्या रांगेत, चिठ्ठी लावून. तो शब्द आला की सगळे माझ्याकडे बघणार. मी कसा चेहरा करायचा? ठरवलंस का तेही?"

हे टकळीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती स्वतःलाच बघत होती, मंचावर. पुढच्या रांगेतून ती खुर्ची कशी दिसेल हे तिने बघितलंच नव्हतं.

"येशील ना तू?" तिने विचारलं.

दादाने कटर उचललं आणि नवी काच ओढली. हात कामाला लागले. बोलणं संपलं.

शुक्रवारी तो घरात होता आणि नव्हता. टकळी समोर जाऊन हात हलवी आणि तो डोळे मिटून घेई. दादाशी भांडायची हीच तर पंचाईत होती. इतरांना निदान ओरडून ऐकवता येतं, त्याने पापण्या पाडल्या की किल्ल्याचा दरवाजा बंद. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काहीच न सुचून दादाला 'जेव' अशी खूण केली. दादा जेवला. टकळी ताटावरून उठली. तिने पेन्सिल घेऊन आपल्या प्रतीत एकच ओळ बदलली, आणि वाचनालयात जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची काढायला सांगितली.

"अगं पण का?" ग्रंथपाल काका म्हणाले.

"त्याला नकोय," ती म्हणाली. "मी त्याला न विचारताच हो म्हटलं होतं."

"आणि दुभाषी बाई?"

"त्या असू द्या. तो आला नाही तरी असू द्या."

शनिवारी पाचला दालन भरलं. आई-बाबा तिसऱ्या रांगेत, मालक आपल्या भांडकुदळ बहिणीला घेऊन आलेले, वरच्या मजल्यावरच्या काकू, शाळेतले अर्धे शिक्षक. दादा नव्हता. टकळी दुसरी होती वाचायला. पहिल्या मुलाने काय वाचलं त्यातलं अक्षरही तिच्या डोक्यात शिरलं नाही. ती दाराकडे बघत होती. तिचं नाव पुकारलं गेलं. दुभाषी बाई तिच्याबरोबर मंचावर चढल्या, दोन पावलं बाजूला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "करू ना सुरू?"

टकळीने माईक खाली ओढला. आणि तेव्हा तिला तो दिसला. अगदी मागे, दाराशेजारच्या खांबाला टेकून, कामाच्याच कपड्यांत, इतर दहा-बारा उभ्या माणसांतला एक. कोणालाही ओळखू येऊ नये असा.

ती त्याच्याकडे बघणारच होती. पण ती जिथे बघेल तिथे दालनही बघेल, हे तिला आता कळत होतं. तिने मान खाली घातली आणि वाचायला लागली.

तिने हळू वाचलं. टकळीला ओळखणाऱ्यांनी नंतर सांगितलं की ही आपलीच टकळी का, असं त्यांना वाटलं. बाबांच्या तीन खुणांवर दालन हसलं, बाबा सगळ्यात मोठ्याने. मग चौथं पान आलं. "वेडा असेल कोणीतरी," तिने वाचलं, आणि बाजूला दुभाषी बाईंचा हात उठून पडल्याची सावली तिला कागदावर दिसली. तिने मान वर केली नाही. पुढची ओळ पेन्सिलने लिहिलेली होती, ती तिने वाचली. "मला घरी न्यायला आलेला माझा भाऊ तिथेच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं."

कथा संपली. टाळ्या झाल्या. ग्रंथपाल काकांनी कोणाला काही विचारायचंय का म्हटलं, तसे दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. हातात पुस्तिका, बोट अजून ओळीवर. शब्द न् शब्द ताडून बघणारे असे एक आजोबा प्रत्येक कार्यक्रमाला असतातच.

"मुली, इथे छापलंय, 'त्याला काही कळलं नव्हतं.' तू वाचलंस, 'सगळं कळलं होतं.' यातलं चूक कुठलं?"

"छापलेलं," टकळी म्हणाली.

"कशावरून?"

"त्याने सांगितलं. परवा. मी त्याला आधी विचारलंच नव्हतं." तिचा आवाज चिरकला. "मी कथा आधी छापायला दिली, आणि त्याला नंतर सांगितली. तीही अर्धी. उरलेली परवा."

आजोबा बसले. आणि मागे, खांबाशेजारी, एक हात वर गेला.

टकळीची बोटं सवयीने उचलली गेली. दादा बोलणार म्हणजे आवाज तिने द्यायचा. पण त्याआधीच दुभाषी बाई माईककडे वळल्या होत्या. दादाचे हात हलू लागले आणि बाईंचा शांत आवाज दालनभर पसरला.

"तो भाऊ मी."

आता सगळ्यांच्या माना वळल्या. दादाने वळू दिल्या. खांब सोडून तो दोन पावलं पुढे आला.

"अजून एक चूक आहे. गोष्टीत मी तिला घरी न्यायला आलो होतो असं लिहिलंय. न्यायला नव्हतो आलो. त्या दिवशी दुपारी मला नोकरी लागली."

तिसऱ्या रांगेत आईने तोंडावर हात ठेवला.

"कारखान्यात मी दहा दिवस नुसता झाडू मारत होतो. त्या दिवशी मालकांनी कटर हातात दिलं. पहिली काच फुटली. दुसरी फुटली. सगळे म्हणाले, याला आवाज येत नाही, याला रेष कशी कळणार. तिसरी मी कापली. सरळ. मालक म्हणाले, उद्यापासून ये. मी तिथून पळत सुटलो. घर जवळ होतं, शाळा लांब. मी शाळेकडे पळालो. मला हिला पहिल्यांदा सांगायचं होतं."

बाई थांबल्या, कारण दादाचे हात थांबले होते.

"मग संध्याकाळी आईला सांगितलं. शिळं झालं होतं तोवर. एवढंच."

टकळी मंचावर उभी होती आणि तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचंही तिला सुचलं नाही. नोकरी लागल्याची बातमी त्या संध्याकाळी तिलाही कळली होती. आईने सांगितली होती, एका वाक्यात. तिने अभ्यासातून डोकं वर न काढता 'शाब्बास' अशी खूण केली होती.

तिने हात उचलले. "मालक नेमकं काय म्हणाले?" तिने मंचावरूनच विचारलं. "सगळं सांग. झाडू मारण्यापासून सांग."

दुभाषी बाईंनी तेही दालनाला ऐकवलं. ग्रंथपाल काकांनी घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ बाहीखाली सारलं. अजून तीन कथा वाचायच्या राहिल्या होत्या.

आणि दादाने सांगितलं. लोकांकडे पाठ होती की तोंड, याचं त्याला भान नव्हतं; तो टकळीला सांगत होता. कारखान्यातली काच कशी रचून ठेवलेली असते, दुसऱ्या तुकड्यावर त्याचा अंगठा कसा कापला, तिसऱ्या वेळी डोळे मिटून त्याने रेष कशी ओढली. मालक जागेवरून ओरडले, "डोळे मिटले होतेस? माझ्या काचेवर?" आणि दालन हसलं. दुभाषी बाईंनी ओरडाही दादाला पोचवला, हसूही पोचवलं. टकळीने मध्ये तोंड घातलं नाही. तिला घालायला जागाच नव्हती, आणि तिने शोधलीही नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. कोणी सही मागितली, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गालगुच्चा घेतला. त्यातून वाट काढत ती दारापाशी गेली तेव्हा दादा खुर्च्या एकात एक घालून ठेवायला मदत करत होता. त्याचे हात मोकळे होईपर्यंत ती थांबली.

"राग गेला?" तिने विचारलं.

दादाने विचार केला. मग अंगठा आणि बोट यांच्यात चिमटीएवढी फट धरली. "आठ मिलीमीटर."

"सोमवारी किती होता?"

"सोमवारी नव्हताच. मला माहीतच नव्हतं ना." मग म्हणाला, "गुरुवारी बारा."

बारा मिलीमीटर म्हणजे दुकानाच्या दरवाजाची काच. हातोड्यालाही सहज दाद देत नाही. आठ म्हणजेही काही पातळ नव्हे. टकळीने मान हलवली, आणि पुढची खुर्ची उचलून त्याच्या हातात दिली.